चार सेकंदांचं चित्रण

काही प्रकरणं फायलीत बंद होतात, मनात होत नाहीत. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षातलं हे असंच एक.

एका रविवारी दुपारी, शिरूर-दौंड रस्त्यावरच्या कालव्याच्या पुलाजवळ, मेंढरं रस्त्यापार नेणाऱ्या एका वृद्धाला मोटारसायकलनं उडवलं. गाडीवाला थांबला नाही. वृद्ध जागीच गेले. साक्षीदार नव्हता, गाडीचा नंबर नव्हता.

त्यांची पत्नी दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. “घावला का, सायेब?” एवढंच विचारायची. एकदा मी कागदपत्रांसाठी त्यांचा फोटो मागितला. तिनं आधार कार्ड पुढं केलं आणि स्वतःच म्हणाली, “ह्यात त्ये दिसत न्हाईत. कुणी दुसराच वाटतोय. पर दुसरा फोटू कवा काढलाच न्हाई. आता तोंड आठवाया गेलं, तर हेच म्होरं येतंय.”

तिसऱ्या आठवड्यात तळेगाव ढमढेऱ्यातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्यानं खबर दिली. इंटरनेटवर राईडचे व्हिडिओ टाकणारा एक जण होता. त्याच्या ताज्या व्हिडिओतला रस्ता आमच्याकडचा वाटत होता. आम्ही पाहिला. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यानं केलेलं चित्रण. नंबर प्लेट, पाट्या, वाटेतल्या माणसांचे चेहरे, सगळं धूसर केलेलं. वेगाचा आकडाही बराच वेळ झाकलेला. पुलाच्या अलीकडं चित्रण तुटत होतं, ते थेट दौंडात सुरू होत होतं.

मी मोबाइल खाली ठेवणार, तोच मांडवगणचे आमचे हवालदार म्हणाले, “थांबा साहेब, जरा मागं घ्या. ह्यो आमच्या मामांचा ऊस. डाव्या अंगाचा तुटलाय, उजवा उभा हाय. शनवारी ऊसतोडीची टोळी आली, सोमवारी समदं रान मोकळं. म्हंजी ह्यो रविवारच.”

“खात्री आहे?”

“नंबर झाकतील हो. ऊस कशानं झाकतील?”

व्हिडिओत एका पेट्रोल पंपावर गाडी थांबली होती. पाटी पुसलेली होती, पण हवालदारांनी पंप ओळखला. तिथल्या कॅमेऱ्यात नंबर मिळाला.

माणूस दौंडचा, तिशीचा, कंपनीत कामाला. घाबरलेला, पण बोलणं नम्र.

“लोकांचे चेहरे का झाकतोस?” मी विचारलं.

“त्यांची परवानगी नसते ना, सर.”

“लई कायद्याचा माणूस हाय,” हवालदार पुटपुटले.

“आणि मीटर? कधी दिसतं, कधी दिसत नाही.”

“ऐंशीच्या वर गेलं की झाकतो. नाहीतर लोक पोलिसांना टॅग करतात.”

बोलून गेल्यावर तो थबकला. पुलाच्या अलीकडं मीटर सलग झाकलेलं होतं. मी व्हिडिओ तिथंच थांबवून मोबाइल त्याच्यापुढं ठेवला. मग त्यानंच सगळं सांगितलं. मूळ चित्रण दोनदा पुसायला घेतलं होतं, हात धजला नाही म्हणाला. पंचांसमक्ष मेमरी कार्ड जप्त केलं.

ओळख पटवण्यासाठी वृद्धाच्या पत्नीला बोलावलं. धडकेआधी चित्रण थांबवायचं, असं मी ठरवलं होतं. म्हणजे उरत होते चार सेकंद. उन्हात उभे ते वृद्ध, मागं मेंढरं, गाडीला थांबायची खूण करत वर केलेला हात. चेहरा अगदी स्वच्छ.

“व्हय, ह्येच,” ती म्हणाली. मग पडद्याकडं वाकली. “हात बगा की. मी लई बडबडाया लागले, की मलाबी असाच करायचे.” ती हसली. डोळे पुसून म्हणाली, “परत लावता का?”

आरोपी सापडला की आमचं काम संपतं, असं मी मानत आलो होतो. यंदा माझी पत्नी गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडं पाहते. पुस्तकात बोट घालून, काही सांगायला माझ्याकडं वळलेली ती कुठंच नाही.

त्या दिवशी मी ते चित्रण सात वेळा लावलं. पंचनाम्यात ‘एकदा दाखवले’ असं लिहिलं. पंचांनी वाचून सह्या केल्या.