बसल्यावरचं माप

काटेवाडीतल्या त्या गोठ्यात मोटारसायकलचा एक सांगाडा आढ्याला दोन दोरांनी छातीच्या उंचीवर टांगलेला होता. चाकं काढून भिंतीला टेकवली होती. इंजिनाच्या जागी पोकळी होती आणि त्या पोकळीत चिमण्यांनी एकदा घरटंही केलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बारामतीला खोली घेऊन राहत होतो. पुण्याच्या एका दैनिकाला कालव्याची आवर्तनं, कारखान्याच्या सभा आणि बाजारभाव कळवणं हे माझं काम. सांगाड्याचा मालक माझा मित्र होता. तो गावातलं दूध गोळा करून रोज सकाळी बारामतीला पोचवायचा. सांगाडा परदेशी, मातीतल्या शर्यतींसाठी केलेला, तेव्हाच वीसेक वर्षांचा. लग्नाआधी त्यानं तो पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. मूळचं टू-स्ट्रोक इंजिन बरोबर आलं होतं, पण ते जाम झालेलं होतं आणि त्या मापाचा पिस्टन कुठेच मिळत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या बायकोनं जाहीर केलं की माघ संपला की आणखी दोन गाई येणार. त्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं होती. आता थोडा ऊस आणि तीन गाई होत्या. गाईंचं सगळं ती बघायची. गोठ्याचं माप तिला पाठ होतं.

"अठरा फूट हाय," ती म्हणाली. "पाच गाईंना पुरंल. पाच गाई आन् तुमचं लोखंड, ह्याला पुरायचं न्हाय."

"थांब की जरा. इंजन बसवतो मी."

"चार वर्षं बसवताय."

मग तिनंच तोड काढली. इंदापूर तालुक्यात वरकुटे गावाजवळ दरवर्षी माघात पडीक रानात मोटारसायकलींची शर्यत होत असे, दहा फेऱ्यांची. ह्या सांगाड्यानं त्या दहा फेऱ्या स्वतःच्या इंजिनावर पुऱ्या केल्या, कुणी ढकललं नाही, तर तो गोठ्यात राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

"पत्रकारभाऊ, लिवून घ्या," ती मला म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं.

इंजिन आठवड्याभरात मिळालं. बारामतीत एका गाडीची चेसी अपघातात वाकली होती, पण इंजिन धड होतं. शंभर सीसी, फोर-स्ट्रोक, ऑफिसला जाणाऱ्या माणसांसाठी बनवलेलं. ते सांगाड्यात बसवण्याचं काम इंदापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींनी घेतलं. ते साठीचे होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. उसाच्या ट्रेलरचे साटे आणि चाकांचे आख दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मोटारसायकलला त्यांनी तोवर हात लावला नव्हता.

"ट्रेलरला दहा टन चालतं," ते म्हणाले. "ह्यो तर एक माणूस हाय."

गुरुवारी वर्कशॉपची वीज बंद असायची. म्हणून गुरुवार मापांचा आणि शुक्रवार वेल्डिंगचा, असं ठरलं. पहिल्या गुरुवारी इंजिन विटांवर आणि पेंडीच्या पोत्यावर ठेवून सांगाड्याच्या पोकळीत सरकवलं. तात्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून पट्ट्यांचे नमुने केले, भोकांच्या खुणा खडूनं केल्या. आठ एमएमच्या पत्र्यातून गॅसकटरनं पट्ट्या कापल्या. पट्टी आणि फ्रेम यांच्यामध्ये त्यांनी कारखान्याच्या जुन्या, टाकून दिलेल्या कन्व्हेयर पट्ट्याचे गोल तुकडे घातले, म्हणजे हादरे कमी बसतील. सीटच्या आत मित्राच्या आजोबांच्या घोंगडीचा चौपदरी तुकडा गेला.

शुक्रवारी इंजिन घट्ट बसलं. सोमवारी कळलं की टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासायचं, झाकण उघडत नाही. फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं, त्याचं डोकं वरच्या नळीला जवळजवळ टेकलं होतं. टॅपेट बघायचे तर दरवेळी अख्खं इंजिन उतरवावं लागलं असतं.

"घर बांधलं आन् दार ठेवलं न्हाय," मित्र म्हणाला.

"दार ठेवतो," तात्या म्हणाले, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा पुठ्ठा कापायला बसले. इंजिन सव्वा इंच खाली आणि एक इंच पुढे आलं. झाकण उघडलं. पौष सरत आला तेव्हा गाडी पहिल्या किकला नाही, पण नवव्या किकला सुरू झाली. आवाज सौम्य, एकसारखा. तात्यांनी कान जवळ नेला आणि एवढंच म्हणाले, "पाण्याची मोटर बरी, आवाज तरी करती."

चाचणी कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर घेतली. सरळ रस्त्यावर गाडी छान गेली. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मागून कडाका झाला आणि चेन तुटून रस्त्यावर पडली. तात्यांनी चेनला दोष दिला. नवी आणली. ती तिसऱ्या खड्ड्यात तुटली. मग चेन फिरवणारी दातेरी चाकं, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट, एका रेषेत नसावीत अशी शंका आली. गवंड्याकडून सुतळी आणून ताणली. रेषा बरोबर होती. शर्यतीला नऊ दिवस उरले होते.

गाडी गोठ्यासमोर स्टँडवर उभी केली होती. तात्या खाली बसून चेन बोटानं वरखाली करून बघत होते. ढील बोटभर, कुठल्याही गाडीला ठेवतात तेवढी. मित्राची बायको धारा काढून बाहेर आली आणि दूध गाळता गाळता बघत राहिली. रोज सकाळी नवऱ्याच्या दुधाच्या गाडीवर कॅन तीच बांधून द्यायची.

"तात्या, ही चेन मोजली तवा वर कोण बसलं हुतं?" तिनं विचारलं.

"कोण बसंल? स्टँडवर हाय गाडी."

"मग कुणाची मोजली?"

तात्यांनी वर पाहिलं. तिनं किटली खाली ठेवली.

"अवो, बसा जरा हिच्यावर," ती नवऱ्याला म्हणाली. गाडी स्टँडवरून काढून तो बसला. मातीतल्या शर्यतीचा सांगाडा तो. मागचे शॉक लांब, चाक साध्या गाडीच्या तिप्पट वर-खाली होणारं. त्याच्या वजनानं गाडीचं मागचं अंग चांगलं वीतभर खाली गेलं. तिनं वैरणीतलं एक चिपाड उचलून चेनवर दाबलं. चेन तारेसारखी ताणलेली होती.

"उठा."

तो उठला. चेन सैल.

"बसा."

चेन ताठ.

"कॅन रिकामे असताना मी दोर आवळत न्हाय," ती म्हणाली. "दूध भरल्यावर गाडी दबती, तवा आवळते. तुमी रिकाम्या गाडीचं माप घेताय."

तात्यांनी मित्राच्या मागे मला बसवलं आणि चाक आणखी खाली दाबून पाहिलं. कारण आता त्यांच्या लक्षात आलं होतं: इंजिन पुढे सरकवल्यामुळे चेनचं पुढचं स्प्रॉकेट मागचं चाक धरणारा चिमटा ज्या खिळीवर हलतो तिच्यापासून लांब गेलं होतं, आणि चिमटा हलला की चेनला लागणारी लांबी बदलत होती. खीळ, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचा आख एका रेषेत आले की ती सर्वांत जास्त लागत होती. त्या जागेला चेन ढिली ठेवायची आणि एरवी लोंबणारी चेन सावरायला रोलर बसवायचा. तात्यांनी तो लेथवर नायलॉनच्या तुकड्यातून काढला.

"सूनबाई," जाताना ते म्हणाले, "तुला तर गाडी भंगारात पायजे हुती."

"जागा पायजे हाय मला. चुकीच्या कामानं नको."

शर्यतीला सात गाड्या होत्या. सहा टू-स्ट्रोक, मडगार्ड काढलेल्या, सायलेन्सर मोकळे केलेल्या. सातवीचा आवाज ऐकून बांधावरचे लोक हसले.

"दूधवाले, कॅन कुठं ऱ्हायले?"

"अर्धा लिटर घालून पुढं जा."

मित्रानं हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला.

त्याची बायको हरभऱ्याचा डहाळा घेऊन बांधावर बसली होती. दर फेरीला एक घाटा सोलून खायचा आणि टरफल पदरात ठेवायचं, अशी तिची मोजणी. तात्या तिच्या शेजारी उभे होते. ते फेऱ्या मोजत नव्हते. गाडी उंचवट्यावरून उडून खाली आदळली की ते डोळे मिटत आणि कान देत. कडाका झाला नाही. चौथ्या फेरीत दोन टू-स्ट्रोक एकमेकांना अडकून बाजूला झाल्या. आठव्या फेरीत मित्र सर्वांत मागे होता, पण त्याची लय सुरुवातीला होती तीच होती.

दहावी फेरी संपली, पंचांनी झेंडा खाली केला. तो पाचवा आला. पुऱ्या करणाऱ्यांत शेवटचा. गाडी बांधाशी आणून त्यानं इंजिन बंद केलं आणि बायकोकडे पाहिलं. तिनं पदरातली टरफलं मोजली.

"नऊ," ती म्हणाली.

"दहा झाल्या. पंचांनी झेंडा टाकला."

"पंचांचं पंचांपाशी. माझ्याकडं नऊ हायत."

"एक घाटा किडका निघाला आसंल, टाकला आसशील."

"किडका निघाला तर मी दुसरा सोलते."

तात्या माझ्याकडे बघू लागले. माझ्या वहीत दहा होत्या. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मित्रानं किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. रिकाम्या मैदानात तो एकटा निघाला. लोक पांगत होते ते थांबले. मघाशी कॅन कुठं विचारणारा माणूस ट्रॉलीवर चढून शिट्ट्या वाजवू लागला. मोठ्या उंचवट्यावर, जिथं शर्यतीत तो सांभाळून गेला होता, तिथं मित्रानं गाडी मोकळी सोडली. दोन्ही चाकं हवेत गेली, खाली आली, चेन जागेवर राहिली. त्याची बायको उभी राहिली होती. तिच्या हातातला घाटा सोलायचा राहून गेला.

"आता किती?" परत आल्यावर त्यानं विचारलं.

"झाल्या," ती म्हणाली, आणि न सोललेला घाटा त्याच्या हातावर ठेवला.

शर्यतीची बातमी मी सहा ओळींची पाठवली. छापून आल्या चार. पाचव्याचा उल्लेख त्यांत नव्हता.

गाई ठरल्याप्रमाणे आल्या. आता प्रश्न जागेचा होता. इंजिनासकट गाडी आढ्याला टांगता येणार नव्हती. शेवटची गाय आणि भिंत यांच्यामध्ये किती जागा उरते ते बघायला तात्या टेप घेऊन आले. त्यांनी टेप लावला आणि आकडा सांगणार, तोच तिनं हात आडवा केला.

"गाय उभी हाय. बसल्यावर मोजा. बसल्यावर पाय पसरती ती."

गाय नवीन होती, जागा अनोळखी होती, आणि तिला बसायची घाई नव्हती. तात्या, मित्र आणि मी असे तिघे गोठ्याच्या दारात ओळीनं बसलो. टेप तात्यांच्या हातात तसाच होता. तिनं चहा आणून दिला. कपबशा परत नेल्या. तासाभरानं गाय पुढच्या गुडघ्यांवर वाकली, मागचं अंग टेकवलं आणि पाय लांब केले.

दोन फूट सात इंच उरले. गाडीचं हँडल दोन फूट आठ इंच होतं.

"हँडल वळवून ठेवा," ती म्हणाली, आणि वैरण टाकायला निघून गेली.