पाडसाच्या कानावरची खूण

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीच मानलं नाही. अंगात आलेल्या बाईच्या डोक्यावर गार पाण्याची घागर ओतणारी मी. शिक्षण चौथी. इथं लोकांनी लिहिलेले अनुभव नातीनं वाचून दाखवले, म्हणून माझाही लिहिते. पटला तर बघा.

आम्ही आखाडा बाळापूरजवळचे, मेंढरं राखणारे. ही गोष्ट दोन हजार तीन-चार सालची. त्याच्या बारा वर्षं आधी माझे मालक मेंढरं घेऊन पुसदकडच्या रानात गेले होते. मेंढरं सोबत्याबरोबर परत आली, मालक आले नाहीत. भांडण नाही, आजार नाही. पाण्याला जातो म्हणाले आणि गेले. आमच्यात बारा वर्षं माणूस सापडला नाही की त्याचा पिठाचा पुतळा करून जाळतात, दिवस घालतात, बायकोचं कुंकू पुसतात. सोमवार ठरला होता. माझा होकार तेवढा बाकी होता.

तो मिळवायला मुलगा मला शनिवारी धरणावर घेऊन गेला. टमटमनं तासाभराची वाट. पाण्याच्या काठी बाग, राहायला चार कॉटेज, मागं जाळीच्या आत ठिपक्यांची हरणं, पलीकडं मोर आणि ससे. रविवारी सकाळी आम्ही जाळीशी उभे होतो.

“माय, एकदाचं व्हय म्हण ना. लोक इचारून राहिले.”

“लोकांला पुतळा पाहिजे का जेवण?”

तो हसला नाही.

राखणदार बाहेरून हिरवा चारा टाकत होता. हरणी जवळ आली, तिच्यामागं पाडस. पाडसाचा डावा कान कापलेला होता. टोक सरळ उडवलेलं आणि खालच्या कडेला एक तिरपी खाच.

कळपात कळप मिसळला तर ओळखू यावीत म्हणून आमच्यात प्रत्येक घर आपल्या मेंढरांच्या कानावर वेगळी खूण करतं. ही आमच्या घराची खूण. त्यातही मालक डावखुरे, त्यांची खाच उलटी तिरपी यायची. मुलगा कापतो ती तशी येत नाही. पाडसाची उलटीच होती. कडेला रक्त सुकलेलं, वर हळद चोपडलेली.

“दादा, याचा कान कोणी कापला?”

“आजी, हरणाला मेंढरू समजलात का?” राखणदार हसला. “चार दिवसांचं हाय. त्याची माय मला बी जवळ येऊ देत न्हाई.” मग त्यानं वाकून बघितलं. “काल सांजच्याला कान साबूत होता... आन् किल्ली तर माझ्या कमरेला हाय.”

“काट्यानं फाटला असंल, माय,” मुलगा म्हणाला.

“काट्याला हळद कुठं घावली?”

त्यानं जाळीला तोंड लावून कान नीट बघितला. खूण त्यालाही कळली होती. म्हणाला, “बा जित्ता हाय. उद्याचं राहू दे, माय.”

मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, भीती नाही.

मुलानं चारही कॉटेजांत विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, जवळच्या वस्तीत जाऊन आला. डावखुरा, कपाळावर वण असलेला माणूस कोणी बघितला नव्हता. मी पायरीवर बसून होते. जिवंत असतील तर घरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत. हरणाचा कान कापायला येतात. बारा वर्षांत घरी आले नाहीत.

मुलगा परतल्यावर मी म्हणाले, “उद्याच कर.”

“आन् बा असला तर?”

“तर त्यांला बी कळू दे.”

आता वीस वर्षं होत आली. ते आले नाहीत, त्यांची बातमीही नाही. कुलूपबंद जाळीत कोण शिरलं, चार दिवसांचं पाडस कोणाच्या हाताला लागलं, मला आजही सांगता येत नाही. मेले असतील तर कान कापणारा कोण? जिवंत असतील तर... ते जाऊ द्या. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा. देवाधर्माचं मात्र सांगू नका.

सोमवारी नदीवर मुलाचा हात पुढं होईना. भावकी बघत राहिली. मी त्याच्या हातातून पलिता घेतला आणि पुतळा पेटवला. पीठ ओलं होतं, जळायला वेळ लागला. तोवर मुलगा सारखा रस्त्याकडं बघत होता.

मी एकदाच बघितलं.