साऱ्या तालुक्याची भाची

पल्लवी अभ्यास एका दमात करायची. प्रयोगशाळेबाहेर वही धरून उभी राहायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि उत्तर कबड्डीच्या चालीवर म्हणत सुटायची. दम सुटला की तिथे पेन्सिलची खूण. मी तिचा रसायनशास्त्राचा मास्तर. मला भारी कुतूहल. विचारलं तर म्हणाली, "जेवढं एका दमात येते सर, तेवढंच पेपरात आठवते."

ती वडनेरची. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती आणि मुलींच्या कबड्डी संघात तिच्यासारखी चढाई कोणाची नव्हती. संघातल्या मुलींना फी माफ, वर एक ट्रॅकसूट. बाकीचा खर्च ती गावोगावच्या सामन्यांतून भागवायची. तिथे गावचीच खेळाडू हवी अशी अट असे, म्हणून गावकरी तिला भाची म्हणून उतरवत. मामाचं गाव ते आपलंच गाव, यावर पंचांचीही हरकत नसे. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. सामन्याआधी कधी न पाहिलेली म्हातारी माणसं तिच्यापुढे खरोखर वाकायची आणि ही संकोचून पाय मागे घ्यायची. खेळ संपला की ताटात ड्रेसचं कापड, नारळ आणि नारळाखाली पाकीट. ताट हाती आलं की आपण आधी नारळ उचलतो, असं ती हसत सांगे.

शेवटच्या वर्षाला अशाच एका ताटाचा व्हिडिओ प्राचार्यांच्या मोबाइलवर आला. बाहेर पैसे घेऊन खेळणारीला संघात ठेवायचं नाही, असा आमचा नियम. चौकशीला मलाही बसवलं. संघ गेला की फीमाफी जाणार आणि पदवी अर्धवट राहणार, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे क्रीडाशिक्षक भले माणूस. त्यांनीच तिला वाट काढून दिली: तो भाचीचा मान होता, एवढं म्हण आणि मोकळी हो. मीही मनात म्हणत होतो, म्हणून टाक बाई.

"मान नाई सर, मजुरी होय," पल्लवी म्हणाली. "मी त्याईची भाची असती, तर मॅच नसतानाई बलावलं असतं."

मग तिने उलट विचारलं, पंचाला मिळतं, मंडपवाल्याला मिळतं, मग जिचे गुडघे फुटतात तिनंच काऊन घेऊ नये. प्राचार्यांनी नियमाचं पान पुढे सरकवलं. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

संघातून नाव गेलं. फी तिने त्याच सामन्यांवर भरली आणि पाठांतर एसटीत केलं. प्रॅक्टिकलला आली तेव्हा कोपराला पट्टी होती, पण ब्युरेटवरचा हात हलला नाही. चांगल्या मार्कांनी पास झाली.

निकालानंतर मी तिला सिंदी मेघेला घरी जेवायला बोलावलं. मॅच कुठे आहे, असं तिने फोनवर विचारलं. मॅच नाही म्हटलं, तरी पिशवीत बूट घेऊन आली. जेवणं झाल्यावर आमच्या हिने ताटात कापड आणि नारळ ठेवून तिच्या हाती दिलं. सवयीने पल्लवीने आधी नारळ उचलला. खाली काही नव्हतं. कापडाची घडीही तिने उलगडून पाहिली. मग ती पुन्हा होती तशी नीट घातली.

निघताना दारात म्हणाली, "येतो, मामा."

मी वाकलो. तिने पाय मागे घेतले नाहीत.