हाज्जा मुलूकसाठी बसवलेलं स्प्रॉकेट

मुकबिल सैफ येमेनमधल्या तइझ शहराच्या बाजारातून सबर डोंगरावर मोटारसायकलीने माणसं चढवायचा. माणसं, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या आणि एकदा एक शिंगवाला बोकड. बोकडाने वाटभर एका शब्दाने तक्रार केली नाही. तक्रार करायची ती हाज्जा मुलूक.

हाज्जा मुलूक वरच्या गावातली, हज करून आलेली विधवा. सकाळी पीचच्या टोपल्या आणि सब्जाच्या जुड्या घेऊन बाजारात उतरायची, दुपारी पीठमीठ घेऊन परत निघायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. एका बाजूला पाय सोडून ती मुकबिलच्या मागे बसली, की गाडी आधी खाली दबायची आणि मगच निघायची.

गावाच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे रस्ता चढत नाही, उभाच राहतो. त्या जागी आलं की मुकबिलची गाडी पहिल्या गिअरमध्येही गचके खायला लागायची आणि मुकबिल मान न वळवता म्हणायचा, "हाज्जा, जरा उतरता?"

हाज्जा उतरायची. गाडी पीठ घेऊन वर जायची, आणि हाज्जा मागून चालत.

चालायला तिची ना नव्हती. पोरवयापासून ती तो डोंगर चढत आली होती. पण त्या वळणावर तिच्या दिराची, अब्दुलवलीची, चहाची टपरी होती. नवरा गेल्यावर हाज्जाने त्याच्या हातची कातची, म्हणजे ज्यांची पानं नशेसाठी चघळतात ती, झाडं उपटून तिथे पीच लावले होते. "माझ्या भावाचा हात लागलेली झाडं," असं अब्दुलवली चारचौघांत म्हणाला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. म्हणजे एकमेकांशी बंद. हाज्जा चालत वर आली की अब्दुलवली किटलीला सांगायचा, "कुणीतरी पायी आलेलं दिसतंय. दमलं असेल बिचारं."

हाज्जा पुढे उभ्या मुकबिलला डोंगरभर ऐकू जाईल असं म्हणायची, "मुकबिल, इथे काहीतरी करपल्याचा वास येतोय. चहा असेल."

हे रोज. शेवटी एका दुपारी बाजारात हाज्जा मुकबिलपाशी आली, आणि बसलीच नाही.

"तुझ्या या गाडीला आजार काय आहे?"

"आजार नाही, हाज्जा. सपाटीवर उडते ती. लग्नाआधी हिच्या पुढे कोणी—"

"मी सपाटीवर राहते का?"

 गोष्ट खरी होती. ऐन तारुण्यात त्याने हौसेने मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, लहान बसवून घेतलं होतं. त्यामुळे गाडी निघायला आळशी झाली, पण एकदा निघाली की सुसाट. तइझच्या सपाट रस्त्यावर लोक मागे वळून विचारायचे, कोण गेला रे तो. त्या एका प्रश्नावर मुकबिलने बरीच वर्षं काढली होती.

"उद्यापासून उतरायला सांगितलंस," हाज्जा म्हणाली, "तर मी दुसऱ्या कुणाच्या मागे बसेन. आणि बसताना तुझं नाव घेऊन बसेन."

मुकबिल शौकीकडे गेला. तइझमध्ये मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याला सगळे इंजिनियरच म्हणतात. इंजिनियर शौकी एका पत्र्याखाली पोटावर हात ठेवून बसलेला असे.

"वजन किती आहे बाईचं?" शौकीने विचारलं.

"हे मी तिला विचारू?"

"नको. जिवंत राहा." शौकीने ढिगातून एक भलं मोठं स्प्रॉकेट ओढून काढलं. "हे बसवतो. दाते जास्त, म्हणजे ओढ जास्त. निघताना गाडी बैलासारखी जोर लावेल. पण सपाटीवर इंजिन बोंबलेल आणि तू सगळ्यांच्या मागे राहशील."

"दोन्ही नाही जमणार?"

"दोन बायका आहेत का तुला?"

"एकच आहे."

"मग दोन्हीची सवय नाहीच तुला. बस तिकडे."

ते स्प्रॉकेट दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं. भोकं जुळेनात, म्हणून शौकीने नवी पाडली. जुनी चेन तोकडी पडली, म्हणून तिला कड्या जोडल्या. काढलेलं लहान स्प्रॉकेट त्याने पुसून मुकबिलच्या हातात दिलं. मुकबिलने ते थोडा वेळ हातात धरलं, आणि शौकीच्या ढिगावर टाकून दिलं.

"नीट ऐक," शौकी म्हणाला. "आता मूठ हळू पिळायची. तुझा हात जुन्या गाडीचा आहे."

"ऐकलं," मुकबिल म्हणाला. ऐकलं होतंही.

दुसऱ्या दिवशी हाज्जा पिठाचं पोतं मांडीवर घेऊन बसली. गाडी चढणीला लागली तशी ती मान वर करून बघायला लागली. गाडी ओढत होती. एकही गचका नाही. खालची दोन वळणं गेली.

"मुकबिल, ही तीच गाडी ना?"

"तीच, हाज्जा."

"मग आता टपरीसमोर जरा दिमाखात ने."

टपरीच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. मुकबिलला थांबावं लागलं. अब्दुलवली हातात ग्लास घेऊन दारातच उभा. त्याने गाडी पाहिली, मागे बसलेली हाज्जा पाहिली, आणि किटलीला काय सांगावं हे त्याला सुचेना. शेळ्या गेल्या. हाज्जाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. मुकबिलने वर्षानुवर्षं त्या जागी पिळली तशी मूठ पूर्ण पिळली आणि क्लच सोडला.

पुढचं चाक घोड्यासारखं वर उठलं. मुकबिल हँडलला लोंबकळत कसाबसा वर गेला. हाज्जा मागे राहिली. आधी पोतं रस्त्यावर पडलं, मग पोत्यावर हाज्जा. पोतं फुटलं. पांढरा लोट उठला आणि काही वेळ हाज्जा कुठे आहे ते कोणालाच दिसेना.

लोट बसला. हाज्जा पिठात मांडी घालून बसलेली होती, भुवयांपर्यंत पांढरी. टपरीवर एकाने हसायला तोंड उघडलं. अब्दुलवलीने त्याच्याकडे पाहिलं, तसं ते मिटलं.

मुकबिल वरून धावत आला. "हाज्जा! हाज्जा, माझी चूक झाली, हाज्जा—"

"ओरडू नकोस," हाज्जा म्हणाली. "मेले नाही मी."

अब्दुलवली ग्लास खाली ठेवून रस्त्यावर आला. दोन पावलांवर थांबला. आजूबाजूला किटली नव्हती. मग तिलाच म्हणाला, "लागलं का, वहिनी?"

हाज्जाने डोळ्यांवरचं पीठ पुसलं. "पोतं होतं खाली."

"पोतं गेलं."

"दिसतंय मला."

अब्दुलवलीने खांद्यावरची शाल काढून रस्त्यावर अंथरली आणि गुडघे टेकून ओंजळीने पीठ भरायला लागला. भल्या दाढीचा माणूस, वाटेवर रांगत होता. हाज्जाने अंगावरचं पीठ शालीवर झटकलं.

"वरवरचं घ्या," ती म्हणाली. "खालचं घेतलंत तर भाकरीत खडे येतील, भावजी."

तो शब्द ऐकून अब्दुलवलीची ओंजळ क्षणभर हवेतच राहिली. मग तो वरवरचं भरायला लागला. मुकबिलही बसला. तिघांनी मिळून पीठ भरलं, आणि अब्दुलवलीने हाज्जाला चहा दिला. साखर कमी आहे असं हाज्जाने सांगितलं. त्याने आणखी घातली.

"तुझे पीच गोड असतात म्हणे," तो ग्लासाकडे बघत म्हणाला.

"म्हणे कशाला? पाठवते."

स्प्रॉकेट बदलून घ्यायचं मुकबिलच्या मनात आलं होतं, पण हाज्जाने परवानगी दिली नाही. गाडी बरोबर आहे, हात चुकतो, असं तिचं मत पडलं. ती पोतं आता दोघांच्या मध्ये ठेवून मुकबिलच्या पट्ट्याला धरून बसू लागली. मूठ पिळायची वेळ आली की मागून सांगायची, "हळू. आता थोडी. आता दे." काही दिवसांनी सांगावं लागेना, तरी ती सांगायचीच. चढणीवरचे दुसरे मोटारसायकलवालेही एकेक करून शौकीकडे जाऊन आले.

सपाटीवर मात्र शौकी म्हणाला होता तसंच झालं. ईदला मुकबिल बायकोला, इश्राकला, घेऊन शहरात फिरायला निघाला. चौकात हवालदाराने हात केला होता. दोन्ही बाजूंना नव्या कपड्यांतली पोरं गाड्या फुरफुरवत उभी होती. लग्नाच्या वेळचा मुकबिल इश्राकने पाहिलेला होता. तिने त्याला घट्ट धरलं.

हवालदाराचा हात खाली आला आणि मुकबिलची गाडी बाण सुटावा तशी सुटली. सगळा चौक मागे पडला.

"कोणीच नाही मागे!" इश्राक कानाशी ओरडली.

"थांब थोडी," मुकबिल म्हणाला.

इंजिन बोंबलायला लागलं. एक गाडी शेजारून गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. मुकबिलने जाणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून ईदच्या शुभेच्छा दिल्या. शेवटी तीन माणसं बसलेली एक म्हातारी स्कूटरही गेली. तिलाही दिल्या.

इश्राकने मान काढून पुढचा रस्ता पाहिला.

"पुढे अजून चौक आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"तिथे हवालदार असेल?"

"असायला हवा."

"मग तिथेही सगळ्यांच्या पुढे नेऊन उभी कर," ती म्हणाली, आणि तिने परत त्याला घट्ट धरलं.