हिशेब बरोबर आला

"अडुसष्ट क्विंटल चाळीस किलो. पन्नास किलोचा कट्टा. किती कट्टे भरतीन?"

शेठनं विचारलं आणि मी उभ्या उभ्या सांगितलं, "एकशे छत्तीस. वर चाळीस किलो."

मॅनेजरनं मोबाईलवर करून पाहिलं. बरोबर आलं.

"पाहा!" शेठ काट्यावरच्या माणसांकडं वळला. "डोकं कसं चालून राह्यलं बाबूचं! अन् याले पायजे येड्याचा विमा."

माल घेऊन आलेले शेतकरी हसले. हमाल हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून गिळता आलेलं नाही.

रिसोड रोडवरच्या सोयाबीन प्लांटवर मी वजनकाट्याचा कारकून. आजारपणानं काम सुटलं तर पगाराचा काही भाग मिळावा, असा विमा प्लांटनं सगळ्यांचा काढलेला. हप्ता आमच्याच पगारातून कापला जाई. कन्व्हेअरमध्ये नामदेव हमालाची बोटं गेली, तेव्हा त्याला मिळाला. त्यानं हात वर करून दाखवला, काम झालं. माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. वाशिमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तीव्र नैराश्य. शेठनं तो कागद चिमटीत धरून परत केला आणि काट्यावर सगळ्यांसमोर तो कट्ट्यांचा हिशेब घातला.

त्या दिवसांत पहाटे जाग यायची आणि उठता यायचं नाही. अंघोळीचं पाणी थंड होऊन जायचं. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. मी लहान पोरासारखा हनुवटी वर करून उभा. आकडे मात्र थांबत नसत. छताचे पत्रे, पत्र्यांचे खिळे, बेरीज, गुणाकार. मी नसलो तर घरखर्च किती कमी होईल, तोही हिशेब केला. तोही बरोबर आला.

बायको शेजारीपाजारी सांगायची, "मणक्याचा तरास हाये." मुलीला जऊळक्याचं स्थळ आलं होतं. घरात येड आहे म्हटल्यावर कोण थांबणार? मीही मणकाच सांगायचो. न दुखणाऱ्या कमरेला पट्टा बांधून दारात बसायचो.

मग मी तोच कागद थेट विमा कंपनीला धाडला. कंपनीचा साहेब प्लांटवर चौकशीला आला. त्याला खुर्ची, चहा. मी उभा.

"बाबू, साहेबाले दाखव तुयं डोकं," शेठ म्हणाला आणि नवा हिशेब घातला.

उत्तर जिभेवर आलं होतं. मी तोंड मिटलं.

"काहून? येत नाई का?"

"येते. पन सांगत नाई. मी काई माकड नाई." मग साहेबाकडं पाहिलं. "साहेब, हिशेब करता करताच मी मराचं ठरवलं होतं. हे लिवा. मले नैराश्य हाये. मणका बिणका काई नाई."

कुणी हसलं नाही. हमालांनी माना खाली घातल्या. त्याची मला हसण्याहून जास्त लाज वाटली.

साहेबानं लिहिलं: अर्जदार सुसंगत बोलतो, कामास योग्य. दावा नामंजूर.

बातमी जऊळक्याला पोचली. निरोप आला, "सध्या थांबतो." बायको माझ्याशी बोलेना. मुलगीच म्हणाली, "लगन झाल्यावर सोडून गेले असते त काय केलं असतं मी?"

मी वाशिमच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. शेठवर आणि कंपनीवर, दोघांवर. तारखेला बाहेरच्या बाकावर ओळखीचं कुणीतरी भेटतंच. "कायची केस हाये बा?" कान तापतात. तरी आजाराचं नाव घेऊन पूर्ण उत्तर देतो.

परवा शेठचा वकील चहाला घेऊन गेला. म्हणाला, माणुसकी म्हणून रक्कम देऊ, तक्रार मागे घ्या. आजाराचा उल्लेख मात्र कुठं नको.

पैशाची गरज आहे. मी चहा संपवला आणि सही केली नाही.

मला माणुसकी नको. आजाराला आजार म्हणा आणि तसं लिहून द्या. इथं नाही मिळालं तर वरच्या आयोगात जाईन. लाज वाटेल. वाटू दे. जाईन.