सार्वमताने घेतलेली गाडी

ब्रिटनचा कारभार कसा चालवावा हे माझ्या सासऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. तिकडून अजून कुणी विचारायला आलेलं नाही, एवढीच अडचण.

अण्णा पुण्याच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. ब्रिटनला ते कधी गेलेले नाहीत. (ते त्यांच्या सोसायटीच्या सभेलाही जात नाहीत, पण मत तिथेही तयार असतं.) गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी ते आमच्याकडे जपानला, ग्योतोकुला आले. पहिल्या आठवड्यात फुजी पर्वत पाहिला, ‘बरा आहे’ म्हणाले, आणि मग सोफ्यावर बसून टॅबलेटवर ब्रिटिश संसदेतली भांडणं बघायला लागले. आम्ही जेवायला बसलो की तिकडे पंतप्रधानांना प्रश्न विचारणं सुरू व्हायचं. अण्णा आमटीत भात कालवता कालवता उत्तरं द्यायचे, आणि खरं सांगायचं तर पंतप्रधानांपेक्षा ती जास्त मुद्देसूद असायची.

त्याच सुमारास माझ्या बायकोची, मेघनाची, प्रयोगशाळा चिबा प्रांताच्या आत कुठेतरी टेकडीवर हलली. ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग तासाला एकदा येणारी बस. जायला दोन तास, यायला दोन तास. एक दिवस ती घरी आली, बूट न काढताच दारात बसली आणि म्हणाली, “मला गाडी हवी. नाहीतर मी नोकरी सोडते.”

“सार्वमत घेऊ,” अण्णा म्हणाले.

मतदार चार: मेघना, मी, अण्णा आणि आमची आठ वर्षांची सई. (मतदानाचं वय अण्णांनी सकाळीच खाली आणलं होतं.) गाडी घ्यावी, तीन मतं. घेऊ नये, एक. ते एक माझं. मला गाडी चालवायची भीती नव्हती, ती उभी करायची होती.

निकाल लागल्यावर कळलं की गाडी घ्यायची हे ठरलंय, कोणती घ्यायची हे मतपत्रिकेत नव्हतंच. मेघनाला छोटी, सरकत्या दाराची गाडी हवी होती. सईला मागे टीव्ही असलेली हवी होती. अण्णांच्या मते गाडी म्हणजे ब्रिटिश, बाकी सगळी वाहनं. दीड महिना चर्चा चालली. शेवटी अण्णांनी जाहीर केलं की गाडी निवडून आणायचं काम मी करायचं.

“पण मी विरोधात मत दिलं होतं.”

“म्हणूनच, निखिलराव. तिकडेही ज्यांना युरोपातून बाहेर पडायचं नव्हतं, त्यांनाच पुढे ते करून दाखवावं लागलं.”

इथे आधी जागा दाखवायची आणि मग गाडी घ्यायची असा कायदा आहे. गाडी उभी करायला स्वतःची जागा आहे असा पोलिसांचा कागद असल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. आमच्या इमारतीत जागा होती, पण ती जमिनीवर नव्हती. खाली खोल खड्डा, त्यात एकावर एक लोखंडी ट्रे, प्रत्येक ट्रेवर एक गाडी. बटण दाबलं की आपला ट्रे वर येतो आणि दुसऱ्याचा खाली जातो. भाडेकरूला ही जागा द्यावी का, यावर रहिवासी समितीच्या तीन सभा झाल्या. (सार्वमत नाही. ते लोक शहाणे आहेत.) अखेर समितीचे अध्यक्ष इशिकावा-सान यांनी सांगितलं, “कर्वे-सान, तीन महिने बघू. काही अडचण आली नाही तर पुढे चालू.” मी इतकं वाकून आभार मानले की पाठीत चमक भरली.

ट्रेवर गाडीची उंची एक मीटर पंचावन्नच्या वर चालत नाही. त्यासाठी अण्णांनी अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून लेझरने अंतर मोजायचं यंत्र आणलं. मुठीएवढं यंत्र, बटण दाबलं की लाल ठिपका पडतो आणि अंतर दिसतं. पुढचे पंधरा दिवस अण्णांनी सोफा, फ्रिज, सई आणि आमच्या छताची उंची सतत तपासली. जुन्या गाड्यांच्या दुकानात तर विक्रेता त्यांना सरकारी तपासनीस समजून चहा घेऊन आला. एक निळी गाडी साडेचार सेंटिमीटरने पास झाली. टीव्ही नव्हता, दारं सरकत नव्हती, ब्रिटिशही नव्हती. सगळ्यांची सारखीच निराशा झाल्यामुळे ती एकमताने मंजूर झाली.

शनिवारी गाडी आली. सोमवारी मेघना ती घेऊन कामावर जाणार होती. मधे रविवार होता, आणि रविवारी अण्णा नारळ घेऊन उभे राहिले.

“गाडी आली आणि पूजा नाही, असं कसं?”

“अण्णा, फोडायचा नाही,” मेघनाने बजावलं. “आवाज होईल, पाणी सांडेल, आणि करवंटी कोणत्या वाराच्या कचऱ्यात जाते ते मला माहीत नाही.”

तडजोड झाली. नारळ नुसता ओवाळायचा, चाकापुढे ठेवायचा, हात जोडायचे, उचलायचा. रस्त्यावर गाडी थांबवायला बंदी, म्हणून पूजा ट्रेवरच. सकाळी सातला आम्ही चौघं खाली उतरलो. बॉनेटवर हळदकुंकू लावलं, ट्रेवर नारळ ठेवला, अण्णांनी मंत्र सुरू केले. दुसऱ्या मंत्राच्या आसपास मी सहज मागे पाहिलं, तर इशिकावा-सान गोल्फची पिशवी घेऊन उभे. पायात पांढरे बूट, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू.

“किती वेळ उभे आहात?” मी घाबरून विचारलं.

“नाही, नाही, आत्ताच आलो. तुमचं चालू द्या. डोझो, खुशाल.”

(आत्ताच म्हणजे दहा मिनिटं. सई नंतर म्हणाली की तिने त्यांना पहिल्यापासून पाहिलं होतं. सांगितलं का नाहीस? “तुम्ही विचारलं नाही.”)

त्यांची गाडी खालच्या ट्रेवर होती. आमची खाली गेल्याशिवाय त्यांची वर येणार नव्हती. अध्यक्ष, तेही गोल्फला निघालेले, आणि मी त्यांची वाट अडवून मंत्र ऐकतोय! मी अण्णांना अर्ध्या मंत्रातून बाहेर ओढलं, मेघनाला आणि सईला मागे घेतलं, फाटक लावलं आणि बटणांपाशी धावलो. यंत्राने विचारलं, आत कोणी नाही ना? मी ‘नाही’ दाबलं. काही वस्तू राहिली नाही ना? मी ‘नाही’ दाबलं. सगळं नीट तपासलंत ना? मी ‘हो’ दाबलं. इथे एक खुलासा करायला हवा. मी कावासाकी शहरातल्या एका कंपनीत चाचणी विभागात आहे. लोक न वाचता बटणं दाबतात, हे सिद्ध करायचा मला पगार मिळतो.

ट्रे हलला. थरथरत खाली जायला लागला.

“नारळ कुठाय?” मेघनाने विचारलं.

ठक्क. नारळ खड्ड्यात. यंत्र थांबलं, आणि एका बाईचा अत्यंत गोड आवाज आला: “अडथळा आढळला आहे. कृपया खात्री करा.” दहा सेकंदांनी पुन्हा तेच. त्या बाईचा आवाज शेवटपर्यंत एकदाही चढला नाही, आणि तेच जास्त लागत होतं.

मी दुरुस्ती केंद्राला फोन केला.

“कोणती वस्तू पडली आहे?”

“नारळ.”

“माफ करा?”

“नारळ. फळ आहे.”

“किती?”

“एक.”

“झाडावरून पडला का?”

मी आजूबाजूला पाहिलं. ग्योतोकुत नारळाचं झाड नाही, ही गोष्ट मला पहिल्यांदाच खटकली. “नाही. आम्ही ठेवला होता.”

पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज येत राहिला. दरम्यान अण्णांनी फाटकाबाहेरूनच जाळीतून लाल ठिपका सोडला आणि मला ओरडून सांगितलं, “चार मीटर सदतीस सेंटिमीटरवर आहे म्हणावं. शेंडी वर आहे.” तेही मी कळवलं. माणूस दोन तासांनी येणार होता.

दोन तासांत सहा कुटुंबं खाली जमली. सगळ्यांच्या गाड्या अडकलेल्या, आणि रागावायला एकही तयार नाही. उलट एका आजींनी आम्हाला बार्लीचा गार चहा आणून दिला. दुसऱ्यांनी मुलाला उचलून नारळ दाखवला. “हाझुकाशी,” सई पुटपुटली. (लाज वाटते. हा शब्द ती आमच्या सहवासातच शिकली असावी.) मेघना मोबाइलवर सोमवारच्या बसचं वेळापत्रक बघत होती, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटलं.

त्यात इशिकावा-सान अण्णांना इंग्रजीत म्हणाले की बँकेच्या कामानिमित्त ते सात वर्षं लंडनला होते.

झालं! अण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये राहिलेला माणूस भेटला होता. त्यांनी त्याला सगळ्यात आधी ब्रिटन समजावून सांगितलं. इशिकावा-सान म्हणाले, तिथले लोक पंतप्रधान फार पटकन बदलतात. अण्णा म्हणाले, फार उशिरा बदलतात. इशिकावा-सान म्हणाले, बाहेर पडण्याचा निर्णय घाईचा होता. अण्णा म्हणाले, “यू आर राँग.”

मेघनाने त्यांची बाही ओढली. “अण्णा, आज नको. ते अध्यक्ष आहेत.”

“मग तर त्यांनी मत द्यायलाच नको. अध्यक्षाने तटस्थ राहायचं असतं.”

इशिकावा-सानांचं हसू तसंच होतं, पण टोपी काढून हातात आली होती. ते म्हणाले, “तिथली एक गोष्ट मला आवडायची. खात्यात चूक झाली की मंत्री जबाबदारी घ्यायचा.”

“करेक्ट,” अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “निखिलराव, राजीनामा द्या.”

“कशाचा?”

“ते मागाहून बघू.”

तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. हेल्मेट घालून खड्ड्यात उतरला, नारळ वर आणला, पारदर्शक पिशवीत घातला आणि दोन्ही हातांनी मला दिला. यंत्र सुरू झालं. फाटक उघडलं. लोकांनी हळूच टाळ्या वाजवल्या. आता जबाबदारी घ्यायची वेळ होती. मी नारळ छातीशी धरून खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर कंबरेत काटकोनात वाकलो. आयुष्यात इतकं मनापासून मी कधी वाकलो नव्हतो.

माझा चष्मा खड्ड्यात पडला.

“अडथळा आढळला आहे,” बाई म्हणाली.

इशिकावा-सानांनी गोल्फची पिशवी खांद्यावरून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

पुढच्या सभेपर्यंत आमची परवानगी थांबवली. आठवडाभर मेघना बसने गेली आणि माझ्याशी फक्त सईमार्फत बोलली. सभेत माझ्या शेजारी अण्णा लेखी भाषण घेऊन बसले होते. इशिकावा-सान उभे राहिले. म्हणाले, या यंत्रात काय काय चुकू शकतं हे एकाच सकाळी दोनदा दाखवणारा माणूस इमारतीत दुसरा नाही. तेव्हा परवानगी कायम ठेवावी, आणि कर्वे-सानांना वर्षभर पार्किंगचे सुरक्षाप्रमुख करावं. सगळ्यांनी मान डोलावली. मेघनाने माझा हात दाबला. अण्णांनी भाषण घडी करून खिशात घातलं.

“अगदी तिकडच्यासारखं,” ते समाधानाने म्हणाले. “जो पडतो त्याला वरच्या सभागृहात पाठवतात.”

आता मेघना पन्नास मिनिटांत कामावर पोचते. मी रविवारी सकाळी दंडाला पिवळी पट्टी बांधून बटणांपाशी उभा राहतो. तिथल्या भिंतीवर समितीने एक रंगीत चित्र लावलंय: चष्मा घातलेला, पोट सुटलेला एक माणूस काटकोनात वाकलाय, शेजारी नारळ, आणि दोघांवर मिळून एक लाल फुली. आमच्या घराण्यात भिंतीवर तसबीर लागायचा मान आजवर लोकांना गेल्यावरच मिळाला, मला तो चाळिशीतच मिळाला. निघायच्या दिवशी अण्णा त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “एक हार घालायला हवा.” मी पट्टी सारखी केली आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की यंत्राजवळ हार आणायला सक्त मनाई आहे, नियम मीच केलाय.