ड्रेसरभाऊंचं नाक

पट्टी सोडण्याआधी दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसरभाऊ डोळे मिटून तिचा वास घेत आणि मगच काय ते बोलत. तेवढा वेळ आम्ही सगळे त्यांच्या नाकाकडे बघत बसायचो. डॉक्टरांच्या रिपोर्टपेक्षा मला त्या नाकाचीच धास्ती जास्त.

नव्वदच्या दशकात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तळेगावचं कापडाचं दुकान बंद, आणि बाबांना घरची ओढ लागलेली. छातीवरची जखम वरून छान मिटली होती. सुट्टी मिळणार त्याच सकाळी ड्रेसरभाऊ नालवाडीहून सायकलवर आले, वाकले आणि हसायचे थांबले.

"शेठ, आज घरी नाई जात तुम्ही. खाली काहीतरी हाय."

"काऊन भेव दाखवता? सुकली तं जखम," आई चिडली.

"खोकल्यावर आत काही सरकते काय, शेठ?"

बाबांनी मान खाली घातली. घरी जायला मिळावं म्हणून चार दिवस त्यांनी ते लपवलं होतं. इतका राग आणि इतकी भीती मला एकदम कधीच वाटली नव्हती.

जखम त्याच दिवशी पुन्हा उघडली. पू हाडापर्यंत गेला होता, छातीचं कापलेलं हाड बांधलेल्या तारा काढाव्या लागल्या. मग रोज ड्रेसरभाऊ औषधात भिजवलेली पट्टी चिमट्यानं आत सारत आणि म्हणत, "घाव बुडापासून भरला पाह्यजे. वरून मिटला का घात करते."

एकदा त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली. "पाहून घ्या, ताई. न पाह्यल्याचं भेव मोठं असते."

मी पाहिलं. तळाशी काहीतरी एका लयीत हलत होतं. ते बाबांचं हृदय आहे हे कळलं आणि भीती दुपटीनं वाढली. त्यांचं म्हणणं माझ्यापुरतं तरी साफ खोटं निघालं. बॅटरी मात्र पुढे रोज मीच धरली.

शेवटी डॉक्टरांनी छातीचाच स्नायू वळवून ती जागा बुजवली आणि महिन्याभरानं सुट्टी दिली. त्या दिवशी नेमके ड्रेसरभाऊ रजेवर होते. त्यामुळे ती सुट्टी मला कधी पुरी वाटलीच नाही. घरी बाबा नुसते खोकले तरी मी हातातलं काम टाकून उठायची.

दहा वर्षांनी जाम गावाच्या फाट्यावर, चहाच्या टपरीपाशी ड्रेसरभाऊ भेटले. थकले होते, हातात काठी आली होती. त्यांनी रामराम-नमस्कारही केला नाही.

"शेठ, बटनं खोला."

बाबांनी भर रस्त्यात शर्ट उघडला. ड्रेसरभाऊ वाकले, डोळे मिटले. शेजारून ट्रक जात होते आणि मी त्यांच्या नाकाकडे बघत होते.

"नुसता घामाचा वास येऊन राह्यला," ते म्हणाले. "जा आता घरी."